नागपूरच्या बँडचा मराठी कन्सेप्ट अल्बम: शेवटच्या गाण्यात यंत्राचा बडग्या जाळावा का?

सहा_तारा (नागपूर)

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं नागपुरात मराठी रॉक वाजवतो. मानेवाड्याला ड्रमरच्या घरी गच्चीवर खोली आहे, तिथे सराव चालतो. आजवर सुटी गाणी केली. आता सलग अल्बम करून राहिलो आहोत, सगळ्या गाण्यांची मिळून एकच गोष्ट. विषय: यंत्रं कुठवर जाणार, आणि त्यात माणसाचं काय होणार.

गोष्ट अशी. शंभर वर्षांनंतरचं नागपूर. कोणत्या वस्तीला किती पाणी सोडायचं, संत्र्याचा तोडा कधी करायचा, कोणाला कोणतं काम द्यायचं, कोणाचं लग्न कोणाशी लावायचं, सगळं एक यंत्र ठरवतं. आम्ही त्याला नाव दिलेलं नाही, गाण्यांत नुसता 'तो' आहे. लोकांना उपाशी राहावं लागत नाही, करमणूकही भरपूर आहे, पण कोणी स्वतःहून काही ठरवायचं विसरूनच गेलं आहे. नायिका जुन्या सामानाच्या गोदामात कामाला. तिथे तिला एक खंजिरी सापडते, तुकडोजी महाराजांच्या भजनात असते तशी. ती वाजवून पाहते, ताल चुकतो, परत वाजवते. तिचं चुकत चुकत शिकणं 'त्या'च्या हिशेबात कुठेच बसत नाही. तिथून बंडाला सुरुवात. आणि शेवटी मारबतीच्या दिवशी लोक यंत्राचाच बडग्या काढतात आणि जाळतात.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते. सोबत बडग्ये असतात, म्हणजे त्या त्या वर्षी लोकांना ज्याचा जाच झाला त्याचे पुतळे. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' अशी आरोळी देत ते गावाबाहेर नेऊन जाळतात.

खंजिरी सापडण्याचा प्रसंग रश बँडच्या '२११२' वरून सुचला, ते आम्ही अल्बमच्या कव्हरवर लिहिणार आहोत. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

आता अडचण. गाणी लिहिणारा आमचा बेसिस्ट म्हणतो, प्रत्येक घटना शब्दांत आली पाहिजे, नाहीतर ऐकणाऱ्याला कथा कळणार नाही. ड्रमर म्हणतो, 'त्या'च्या ओळी एआयच्या आवाजात करू. आणि शेवटाबद्दल चौघांत दोन तट आहेत. बडग्या जाळण्याचं गाणं वाजवताना अंगावर काटा येतो, हे खरं. तरी ते संपलं की मला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं, आणि काय ते बोट ठेवून सांगता येत नाही. तुम्ही असे अल्बम मन लावून ऐकले असतील तर सांगा.

तर्रीपोहा

भाऊ, जाळाच! इतवारीत वाढलो, मारबत कधी चुकवली नाही. नेहरू पुतळ्याजवळ काळी आणि पिवळी समोरासमोर येतात तेव्हा छातीत ढोल वाजतो. महागाईचा बडग्या निघतो, भ्रष्टाचाराचा निघतो, मग शंभर वर्षांनी यंत्राचा निघेल हे नागपूरच्या माणसाला पटवून द्यावंच लागणार नाही. ती आरोळी प्रेक्षकांकडून म्हणवून घ्या, आख्खं सभागृह म्हणेल.

एकच सांगतो, दोन गाण्यांच्या मधे नाटक घालू नका. स्टिक्सने १९८३ मध्ये 'किलरॉय वॉज हिअर' काढला. रॉक संगीतावर बंदी, तुरुंगात रोबो पहारेकरी, अशी गोष्ट. मैफिलीत आधी फिल्म दाखवायचे, मग स्टेजवर संवाद म्हणायचे. लोक गाणी ऐकायला आलेले असतात हो. त्या दौऱ्यानंतर टॉमी शॉने बँड सोडला.

फीडबॅक_पुणे

तुमच्या बेसिस्टला माझ्यातर्फे '२११२' पुन्हा एकदा ऐकायला सांगा, पण या वेळी शब्दांचा कागद बाजूला ठेवून.

१९७६ चा अल्बम. त्याआधीचा 'कॅरेस ऑफ स्टील' चालला नव्हता, कंपनीला छोटी, रेडिओवर वाजतील अशी गाणी हवी होती, आणि या तिघांनी पहिली आख्खी बाजू एकाच वीस मिनिटांच्या गाण्याला दिली. कथा त्या एका बाजूत संपते. दुसऱ्या बाजूच्या गाण्यांचा तिच्याशी काही संबंध नाही. लोक 'कन्सेप्ट अल्बम' म्हणतात तेव्हा हे विसरतात. तुमच्या कथेलाही पंचवीस मिनिटं पुरतील असं मला वाटतं. उरलेल्या जागेत त्याच शहरातल्या इतर माणसांची सुटी गाणी येऊ द्या.

आणि तो गुहेतला भाग. नायकाला गिटार सापडते तेव्हा अलेक्स लाइफसन काय करतो? मागे पाण्याचा आवाज. तो मोकळ्या तारा छेडतो, खुंट्या पिळतो, तार उतरते, चढते, सुराला लागते. मग दोन बोटांचं काहीतरी, मग हळूहळू कॉर्ड. माणसाने आयुष्यात पहिल्यांदा वाद्य हातात घेतलं आहे, हे तुम्हाला त्या वेळी गिटारच सांगते. शब्द नंतर येतात, आणि आले नसते तरी चाललं असतं. तुमची खंजिरी अशीच वाजली पाहिजे. आधी नुसती चामड्यावरून बोटं फिरल्याचा आवाज, मग झांजा चुकून खुळखुळतात, मग पहिली थाप. मिनिटभर एकही शब्द नको. बेसिस्टचा तिथला अंतरा कापा, तो कितीही चांगला असो.

उलट टोकाचं उदाहरण ड्रीम थिएटरचं, २०१६ चा 'दि अॅस्टॉनिशिंग'. चौतीस ट्रॅक, दोन तासांच्या वर. सन २२८५, संगीत फक्त यंत्रं तयार करतात, आणि त्या यंत्रांचे आवाज मधेमधे स्वतंत्र ट्रॅक म्हणून येतात. कल्पना तुमच्या विषयाच्या अगदी जवळची. वादनाबद्दल बोलायची माझी पात्रता नाही, इतकं ते सफाईदार आहे. पण राजा, राजपुत्र, बंडखोर, त्याचा भाऊ, सगळ्यांच्या ओळी एकटा जेम्स लाब्री गातो, आणि आत्ता कोण बोलतंय हे पाहायला सारखं पुस्तिकेत डोकं घालावं लागतं. तुमच्याकडे गाणारा एकच असेल तर बोलणारी पात्रं दोनच ठेवा.

आपल्याकडे याची पक्की रीत आहेच. कीर्तनकार पूर्वरंगात अभंग घेऊन विषय मांडतो, मग मध्यंतराला नाम, आणि उत्तररंगात आख्यान. आख्यान लावलं तरी तो प्रत्येक घटना गात नाही. जिथे भाव दाटतो तिथेच पद येतं. हा हिशोब डोक्यात ठेवून गाण्यांची यादी पुन्हा मांडून पाहा.

एआयच्या आवाजाबद्दल. रेडिओहेडने १९९७ मध्ये 'ओके कॉम्प्युटर'मध्ये एक ट्रॅक मॅकिंटॉशच्या बोलत्या आवाजात केला. तो सपाट आवाज चांगल्या आयुष्याची सूत्रं वाचत जातो आणि ऐकताना घसा कोरडा पडतो. पण त्या काळी यंत्र बोलायचंच तसं. आताचं यंत्र लाडिक बोलतं, तुमच्या मनातलं ओळखून बोलतं, कधी वैतागत नाही. तुमच्या ओळखीत सगळ्यात गोड गळा जिचा असेल तिला 'त्या'च्या ओळी द्या. अंगाईच्या चालीत. खरी भीती त्यात आहे.

मिलवाल्याची_मुलगी

मी नागपूरची, गणेशपेठेत वाढले, आता साठी ओलांडली आहे. रॉक मी मोठ्या भावाच्या कॅसेटींवर ऐकायला शिकले आणि अजून ऐकते. तुमचा प्रश्न वाचला आणि शेवटाबद्दल लिहिल्याशिवाय राहवेना. बेटा, यंत्र जाळू नका.

माझे बाबा इथल्याच एका मिलमध्ये कताई खात्यात होते. रिंग फ्रेमवर शेकडो चात्या एका वेळी फिरत असतात, आणि कुठे ना कुठे सूत तुटतंच. बाबा फिरती चाती एका हाताने रोखायचे, बॉबिनवरचं टोक शोधून वर न्यायचे आणि उतरत्या पेळूला असं लावायचे की सांधा दिसायचा नाही. डोळे मिटून करायचे ते. घरी आम्हाला दाखवताना हवेतच बोटं फिरवायचे, अंगठा आणि तर्जनी, एकदा चोळलं की झालं. कोणत्या फ्रेमचा पट्टा ढिला आहे हे त्यांना खात्याच्या दारातून नुसत्या आवाजावरून कळायचं. त्या गोंगाटाने त्यांचा एक कान कायमचा गेला, हेही सांगते. कौतुकाच्या भरात तेवढं झाकून ठेवणार नाही.

नागपुरात यंत्राचं भविष्य शंभर वर्षांनी यायचं नाहीये, ते १८७७ मध्येच आलं. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल त्या वर्षी सुरू झाली आणि रिंग कताईचे भारतातले सुरुवातीचे प्रयोग तिथेच झाले. वेगवान चाती आली की माणसं कमी लागतात. फ्रेमच्या दोन बाजू सांभाळणाऱ्या कामगाराला चार बाजू द्यायच्या, हे आमच्या घरात जेवताना बोललं जायचं, त्यावरून संप व्हायचे. म्हणजे यंत्राने काम खाल्लं हे खरं. पण बाबांच्या तोंडून फ्रेमबद्दल वाईट शब्द मी कधी ऐकला नाही. त्यांचा राग बाजू वाढवणाऱ्यावर होता. चार बाजूंचा कागद वर कुठेतरी, कोणीतरी सही करून पाठवलेला असायचा, आणि तो माणूस खात्यात कधी आलेला नसायचा.

मिल बंद पडली, आणि काही काळाने मशीनरी भंगारात निघाली. किलोच्या भावाने. एक दिवस बाबा संध्याकाळी घरी आले, पाय धुतले, आणि आईला म्हणाले, "बारा नंबरची गेली आज. ट्रकवर आडवी टाकली होती वो." जेवले नाहीत. माझ्या घरात यंत्रापायी कोणी रडलं असेल तर ते यंत्र आलं तेव्हा नाही, गेलं तेव्हा. आज तुम्ही यंत्राचा बडग्या जाळला तर टाळ्या पडतील, पण बाबांसारख्या माणसाला त्या मिरवणुकीत उभं राहायला जागा कुठे आहे?

आता तुमची गोष्ट पाहा. यंत्र पाणी सोडतं, लग्नं लावतं. ते बसवलं कोणी? त्याला वीज कोराडीच्या वीजकेंद्रातून येते की आणखी कुठून, आणि बिल कोण भरतं? कोणाच्या वस्तीला पाणी कमी पडतं आणि त्याचा फायदा कोणाला होतो? तुम्ही रशचं नाव घेतलंत म्हणून सांगते, त्यांच्या गोष्टीत संगणक आहेत, पण ते मंदिरात आहेत आणि मंदिर पुजाऱ्यांचं आहे. गिटार घेऊन तो मुलगा पुजाऱ्यांपुढे उभा राहतो, यंत्रापुढे नाही. त्यांचा ड्रमर आणि गाणी लिहिणारा नीअल पीअर्ट, त्याने ते बरोबर जागी ठेवलं होतं. तुमच्या अल्बममधून पुजारी गायब झाले आहेत. गाणं संपल्यावर तुम्हाला जे राहून गेल्यासारखं वाटतं, ते मला वाटतं हेच. जळतं ते लोखंड, आणि सही करणारा आरामात मिरवणूक पाहत उभा.

आणखी दोन अल्बम सुचवते. ईएलओचा 'टाइम', १९८१ चा. १९८० च्या दशकातला माणूस २०९५ मध्ये जाऊन पडतो. तिथे युद्ध नाही, बंड नाही, कोणी राक्षस नाही. त्याला फक्त करमत नाही. तो जुन्या गल्लीत जाऊन उभा राहतो आणि त्याला घरी परत यायचं असतं. जेफ लिननं भविष्याबद्दल जे जे लिहिलं, त्यात हे न करमणंच मला खरं वाटतं. तुमच्या नायिकेलाही बंडाआधी एक गाणं नुसतं न करमण्याचं द्या.

दुसरा, अॅलन पार्सन्स प्रोजेक्टचा १९७७ चा 'आय रोबॉट'. आयझॅक असिमोव्हना कल्पना आवडली होती, पण त्यांच्या 'आय, रोबॉट' या पुस्तकाचे हक्क आधीच दुसरीकडे गेलेले, म्हणून नावातला स्वल्पविराम काढून काम भागवलं. त्याचं शेवटचं गाणं ऐका. शब्द नाहीत. नाव आहे उत्पत्तीच्या पुस्तकाचा अध्याय पहिला, ओवी बत्तिसावी. बायबलमध्ये त्या अध्यायात ओव्या एकतीसच आहेत. देवाने जिथे थांबवलं तिथून पुढची ओळ माणसाने लिहिली, आणि ती रोबोची. चांगलं की वाईट ते गाणं सांगत नाही, नुसतं वर वर चढत जातं. अल्बमचा शेवट असाही करता येतो.

एकदोनतीन_चेक (धरमपेठ)

मी साउंडचं काम करतो, कथेतलं मला कळत नाही, पण यंत्राचा आवाज काय असावा यावर सांगतो. रोबोचा आवाज विसरा, शहराचा वापरा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तो त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झला. रात्री रस्त्यावरच्या डीपीखाली उभे राहा, ऐकू येईल. ९८ हर्ट्झला जी सूर येतो, म्हणजे पांढरी पाच. शहर त्याच्यापेक्षा जरासं चढं, साधारण ३५ सेंटने (अर्ध्या सुराचे शंभर सेंट).

ट्यूनरमध्ये ए ४४० असतो तो ४४९ करा आणि सगळी वाद्यं त्यावर लावा. मग जी हा तुमचा षड्ज आणि कोराडी तुमचा तंबोरा. ग्रिडची फ्रिक्वेन्सी हलते, पण इतकी थोडी की कानाला कळत नाही. पहिल्या गाण्यापासून तो गुंजारव अगदी खाली ठेवा, लोकांना जाणवणारही नाही. ज्या क्षणी वीज जाते, तिथे तो कापा. सगळ्यांना एकदम कळेल की इतका वेळ काहीतरी चालू होतं.

एक मात्र करा, रेकॉर्डिंग एप्रिल-मे सोडून ठेवा. गच्चीवरच्या खोलीत कूलर बंद करून गाणारा टिकणार नाही, आणि कूलर चालू ठेवून माइक टिकणार नाही.

तर्रीपोहा

काकूंचं वाचलं. माझे आजोबा पण मिलमध्ये बदलीवर होते. जाळायचंच असेल तर सही करणाऱ्याचा बडग्या काढा. मारबतीत असतोच तो दरवर्षी, नाव तेवढं बदलतं.

सहा_तारा (नागपूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री चौघं बसून सगळं मोठ्याने वाचलं.

ठरलं ते असं. कथा एका बाजूपुरती. खंजिरीच्या जागी शब्द नाहीत, बेसिस्टने स्वतःच अंतरा खोडला. 'त्या'च्या ओळी ड्रमरची बहीण गाणार, ती सुगम संगीत शिकली आहे, अंगाईची चाल तिनेच गुणगुणून दाखवली. ट्यूनर ४४९ वर लावून गिटार वाजवली, खोलीतल्या गुंजारवात ती अशी मिसळली की आम्ही थांबून एकमेकांकडे पाहत राहिलो.

शेवट नव्याने लिहितो. मिरवणूक राहील, मारबतही राहील, आरोळीही. बडग्याच्या अंगावर मात्र कागद चिकटवलेले असतील, पाणी कापल्याचे, कामावरून काढल्याचे, प्रत्येकावर तीच एक सही. यंत्र जळत नाही. नायिका त्याच्या खोलीत शिरते आणि पट्टा ढिला झाल्याचं तिला दारातूनच ऐकू येतं. काकू, ही ओळ तुमच्या बाबांची आहे, चालेल ना? कव्हरवर 'एका मिल कामगाराकडून' एवढंच लिहू.

आणखी एक विचारायचं आहे. अल्बमची सुरुवात मिलच्या भोंग्याने करावी असं वाटतं. आमच्यापैकी कोणीच तो ऐकलेला नाही. गिटारवर काढायचा तर तो नेमका कसा होता?

मिलवाल्याची_मुलगी

खुशाल घ्या ती ओळ. बाबांना विचारलं, त्यांच्या चांगल्या कानाशी ओरडून. ते म्हणाले, सही कोणाची होती ते पण लिहा म्हणावं. ते तुम्ही केलंच आहे.

भोंगा एकदम सुरावर लागत नसे. खालून घोगरा निघायचा, वाफ भरेल तसा वर सरकायचा, मग एका जागी बराच वेळ ताणून राहायचा, आणि बंद होताना पुन्हा घसरत खाली. म्हणजे स्लाइड लागेल, जाड तारेवर, डिस्टॉर्शन थोडंच. वर गेल्यावर बोट हलवू नका, भोंग्याला कंप नसतो. आणि भोंगा दोनदा व्हायचा. पहिला घरातून निघण्यासाठी, दुसरा फाटक बंद होण्याचा. मधे बाबा चहा पिऊन, डबा घेऊन, गल्लीतून धावत सुटायचे. तुमचं पहिलं गाणं त्या दोन भोंग्यांच्या मधे बसवा, आणि ड्रमरला सांगा, लय धावत्या पायांची ठेवायची, चपला घातलेल्या.